रेघेखालची लेकरं

मागच्या जुलैत भावाचा फोन आला. आवाज चढलेला.

"ताई, आईनं चिमणीला पिवळ्यात टाकलंय. स्वतःच्या नातीला! गावात लोक काय म्हणतील?"

आमची आई परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला लेकरांचं वजन आणि उंची घ्यायची, रजिस्टरात लिहायची आणि फोनमधल्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायची, हे तिचं काम. वाढीच्या तक्त्यावर मग लेकराचा ठिपका पडतो. हिरवा पट्टा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे वजन कमी, नारिंगी म्हणजे फारच कमी. चिमणी माझी पुतणी. तिला तीन वर्षं पूर्ण झाली त्याच आठवड्यात काट्यावर ती भरली १० किलो ६०० ग्रॅम. तीन वर्षांच्या मुलीसाठी पिवळ्याची रेघ आहे १०.८ किलोवर. म्हणजे पोरगी पिवळी झाली ती दोनशे ग्रॅमनं.

"आपल्या घरात सगळेच बारीक हायेत," भाऊ म्हणाला. "तू बी तशीच व्हतीस. तुला काय झालं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली, संख्याशास्त्राचा पेपर पास झालेली. पण ही रेघ कोणी ओढली आणि कशाच्या आधारावर, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या फोननंतर शोधायला लागले. तेव्हा कळलं की भाऊ जे बोलला तो चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा एक जुना वाद आहे. आणि तो घातलाय सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या दोन मराठी माणसांनी.

रेघ येते कुठून

आधी आजची रेघ. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुलं होती दक्षिण दिल्लीची. मुलं निवडताना अटी घातल्या होत्या: आईचं दूध मिळालेलं असावं, आई सिगारेट ओढणारी नसावी, घरची परिस्थिती वाढीच्या आड येणारी नसावी. आणि निघालं असं की सहाही ठिकाणच्या मुलांची उंची पाच वर्षांपर्यंत जवळजवळ सारखीच वाढते. दिल्लीचं खाऊन-पिऊन सुखी लेकरू आणि ओस्लोचं लेकरू यांत फारसा फरक नाही. 'आपल्याकडची लेकरं बारीकच असतात' या समजाला २००६ साली मिळालेलं हे उत्तर.

या मोजमापांवरून एक मॉडेल बनवलं गेलं. मॉडेल म्हणजे काय, तर प्रत्येक वयाला निरोगी मुलांची वजनं कशी पसरलेली असतात याचं गणिती चित्र. तीन वर्षांच्या मुलींचं मधलं वजन १३.९ किलो. तिथून दोन 'प्रमाण विचलनं' खाली उतरलं की येते पिवळ्याची रेघ, तीन उतरलं की नारिंगीची, म्हणजे ९.६ किलो. प्रमाण विचलन म्हणजे मधल्या आकड्यापासून माणसं साधारण किती इकडे-तिकडे असतात त्याचं माप.

आता यातली गंमत बघा. दोन विचलनांच्या रेघेखाली १०० निरोगी मुलांतली दोन-तीन असणारच. रेघ आखतानाच तसं ठरलेलं असतं. म्हणजे पिवळ्यात असलेलं एखादं लेकरू अगदी ठणठणीत असू शकतं. माझा भाऊ चुकीचं बोलत नव्हता.

ही रेघ आपल्याकडे फार जुनीही नाही. अंगणवाड्या सुरू झाल्या २ ऑक्टोबर १९७५ ला. तेव्हापासून पुढं तीसेक वर्षं वेगळाच तक्ता होता. त्यात मुलाचं वजन प्रमाण वजनाच्या किती टक्के आहे ते बघून ग्रेड १ ते ४ द्यायचे. आईच्या जुन्या वहीत मी 'ग्रेड १' आहे. त्या पद्धतीत ६० टक्के किंवा त्याच्या खाली गेलेलं मूल तीव्र कुपोषित धरायचे. २००८ मध्ये भारतानं नवा तक्ता घेतला. नव्या तक्त्यातली नारिंगी रेघ, ९.६ किलो, मधल्या वजनाच्या ६९ टक्क्यांवर येते. म्हणजे जी पोरगी एका महिन्यात तीव्र कुपोषित नव्हती, ती पुढच्या महिन्यात तसंच वजन असूनही तीव्र ठरू शकत होती. पोरगी तीच, रेघ हलली.

शेतातला आयत

पहिला माणूस पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्रात पीएच.डी. केली. भारतात परतल्यावर पंडित मदनमोहन मालवीयांनी त्यांना विचारलं होतं म्हणतात, की तुमचं हे शास्त्र इथल्या गरिबाच्या काय उपयोगाचं? तरुण सुखात्म्यांना त्यावर समाधानकारक उत्तर देता आलं नाही. त्यांचं पुढचं आयुष्य बघितलं तर हा प्रश्न त्यांनी मनातून कधी काढला नसावा असं वाटतं.

सुखात्म्यांचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते विद्यापीठात. वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीसाठीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ पासून कृषीच्या पोरांच्या मागे लागलेलं आहे. पण त्यांचं काम आमच्या गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, नाव माहीत नसलं तरी. पीक कापणी प्रयोग! पूर्वी पिकाचा अंदाज नजरेनं काढायचे, नजर आणेवारी. बघणाऱ्याची नजर जशी, तशी आणेवारी. १९४० च्या दशकात पानसे आणि सुखात्मे यांनी यादृच्छिक निवडीची पद्धत बसवली. कोणतं गाव, कोणतं शेत, शेतातला कोणता तुकडा हे साहेबाच्या किंवा पाटलाच्या मर्जीनं ठरायचं नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. तिथं ठरावीक मापाचा आयत आखायचा, तेवढंच पीक कापायचं, झोडपायचं, तोलायचं. आज पीकविम्याचा पैसा याच आकड्यावर अडतो किंवा सुटतो. सोयाबीनच्या रानात तलाठी, कृषी सहायक आणि पाच-पन्नास शेतकरी एका दोरीभोवती का भांडत उभे असतात, ते परभणीकरांना सांगायला नको.

भूक मोजायची कशी

१९५१ मध्ये सुखात्मे रोमला गेले, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत. तिथं जवळजवळ वीस वर्षं त्यांनी जगाची भूक मोजली. त्या काळी जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी आहेत, असं मोठमोठी माणसं सांगत होती. १९६१ मध्ये सुखात्म्यांनी हिशोब मांडला. लोकांच्या खाण्याचा पसारा एका बाजूला, गरजेचा पसारा दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकमेकांवर ठेवून ते म्हणाले की पोटभर उष्मांक न मिळणारी माणसं १० ते १५ टक्के असतील. निकस अन्नानं कुपोषित असलेली धरली, तर मात्र हा आकडा निम्म्या जगापर्यंत जाऊ शकतो. आजही दरवर्षी जगातल्या उपाशी माणसांचा जो आकडा बातम्यांत येतो, त्याच्या पद्धतीचं मूळ इथं आहे.

दुसरा माणूस वि. म. दांडेकर. जन्म १९२०, सातारा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. १९७१ मध्ये त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक हवेत, तेवढं अन्न ज्या खर्चाच्या गटाला परवडतं तिथं रेघ ओढायची. १९६०-६१ च्या किमतीत खेड्यात ती रेघ आली माणशी वर्षाला १७० रुपयांवर. तिच्या खाली खेड्यातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं होती. उपाय म्हणून त्यांनी मागणी केली ती कामाची: गावोगाव सार्वजनिक कामं काढा, मागेल त्याला मजुरी द्या.

पुढच्याच वर्षी मराठवाड्यात बहात्तरचा दुष्काळ उभा राहिला. माझी आजी त्या वर्षी खडी फोडायला गेली होती. मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी याच्या गोष्टी ती मरेपर्यंत सांगायची. दुष्काळी कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वाढली. १९७२ हेच परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झाल्याचंही वर्ष.

शरीराची उधारीची वही

रोमहून परतलेल्या सुखात्म्यांनी पुण्यात बसून दांडेकर-रथांच्या रेघेवर आक्षेप घेतला. त्यांचा मुद्दा समजून घ्यायला सोपा आहे, फेटाळायला अवघड.

समजा, तुम्ही रोज किती जेवता ते वर्षभर लिहून ठेवलं. आज जास्त, उद्या कमी. हे चढउतार एकमेकांशी संबंध नसलेले असतील तर महिन्याच्या सरासरीत ते जवळपास विरून जातील. सुखात्मे म्हणाले, शरीर असं चालत नाही. आजची बाकी कालच्या बाकीवर अवलंबून, कालची परवाच्या. वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखं. याला संख्याशास्त्रात ऑटोरिग्रेसिव्ह मॉडेल म्हणतात. अशा मॉडेलमध्ये चढउतार सहज विरत नाहीत, आठवडेच्या आठवडे टिकतात. अमेरिकेतल्या बर्कलीचे शेल्डन मार्जेन यांच्यासोबत १९७८ आणि १९८२ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिले. ब्रिटिश सैन्यात नव्यानं भरती झालेल्या जवानांच्या जेवणाच्या नोंदीही त्यांनी वापरल्या.

निष्कर्ष असा, की निरोगी माणूसही बरेच दिवस सरासरी गरजेपेक्षा कमी खाऊन नीट राहू शकतो. शरीर काटकसर करतं. मग सरासरीवर रेघ ओढून तिच्या खालच्या सगळ्यांना उपाशी ठरवणं चूक. रेघ दोन प्रमाण विचलनं खाली न्या. आणि रेघ खाली नेली की उपाशी माणसांचा आकडाही खाली येतो.

सुखात्मे गरिबांच्या विरोधात नव्हते, हे सांगायला हवं. जुलाब आणि जंतांनी पोखरलेल्या पोटात अन्न टिकत नाही, म्हणून आधी स्वच्छ पाणी, संडास, गावचा दवाखाना बघा, हे ते कळकळीनं सांगत होते. गरीब देशांना प्रथिनांच्या पावडरी विकण्याची जगभर टूम होती, तेव्हा मुळात भाकरीच कमी पडतेय हे आकड्यांनी दाखवणाऱ्यांत तेही होते.

दांडेकरांचा सवाल

दांडेकरांनी १९८१ मध्ये उत्तर दिलं. त्यांच्या आक्षेपाचा गाभा मी माझ्या शब्दांत सांगते. छावणीतल्या जवानापुढं भरलेलं ताट असतं. तो कमी जेवला तर भूक नव्हती म्हणून. मजुराच्या घरात टोपलं रिकामं असतं म्हणून तो कमी जेवतो. वहीत दोघांपुढं आकडा एकच पडेल. पहिल्याच्या आकड्यावरून दुसऱ्याची गरज कमी आहे असं कसं म्हणता येईल?

आणखी एक. कमी खाणं हा नुसता चढउतार असेल, तर कोणी खाली असताना कोणीतरी वर असायला हवं. एका गटातली माणसं सरसकट खालीच असतील, तर तो चढउतार नाही. ती गरिबी.

हे वाचलं तेव्हा मी आईच्या अंगणवाडीचा विचार केला. त्या जुलैत तिनं २८ लेकरांची वजनं घेतली होती. रेघेखाली निघाली ९. निरोगी गावात २८ मध्ये एखादं निघालं असतं, नसतंही. चिमणी ते निसर्गानंच बारीक केलेलं एखादं लेकरू असू शकते. पण नऊच्या नऊ तशी नसणार.

गंमत म्हणजे दांडेकरांची दुसरी रेघ आमच्या जिल्ह्यावरूनच गेली. १९८३ मध्ये राज्यानं प्रादेशिक असमतोल मोजायला त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा गोष्टींत जिल्हा राज्याच्या सरासरीच्या जेवढा मागं, तेवढा त्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटींचा, त्यात मराठवाड्याचा वाटा साधारण २४ टक्के. परभणी जिल्ह्यात तेव्हा हिंगोलीही होती. 'अनुशेष' हा शब्द आमच्याकडच्या प्रत्येक सभेत ऐकू येतो, तो तिथून रुजला. आणि मराठवाड्याचा माणूस कधी म्हणत नाही की आमच्याकडं रस्ते बारीकच असतात.

लहान, पण निरोगी?

१९८२ मध्ये सुखात्म्यांनी संपादित केलेलं पुस्तक पुण्यात प्रसिद्ध झालं. त्यात डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा लेख होता. म्हणणं असं, की गरीब देशांतली बरीचशी खुजी मुलं 'लहान पण निरोगी' आहेत. कमी अन्नात भागावं म्हणून शरीरानं स्वतःला लहान ठेवलंय. म्हणजे माझ्या भावाचाच मुद्दा, इंग्रजीत. भारतातले ज्येष्ठ पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी त्याला कडाडून विरोध केला.

या वादाचा पुढचा अंक पुन्हा पुण्याजवळच घडला. १९९३ मध्ये केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. गर्भधारणेच्या आधीपासून बायकांची मापं घ्यायची, मग गरोदरपणात त्या काय खातात ते लिहायचं आणि जन्मलेल्या बाळांच्या मागं वर्षानुवर्षं राहायचं. या आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ च्या जवळ.

पण नुसत्या वजनावर ते थांबले नाहीत. बाळांच्या पाठीवरच्या कातडीची घडी मोजली, आणि दिसलं की आपली बाळं स्नायूंनी फार कमी आहेत, चरबीनं तेवढी कमी नाहीत. बारीक दिसणारं, पण आतून चरबी राखलेलं बाळ. असं शरीर पुढं मधुमेहाकडं झुकतं. शरीर काटकसर करतं हे सुखात्म्यांचं म्हणणं खरं निघालं, पण ती काटकसर फुकट नव्हती. तिचं व्याज चाळिशीत भरावं लागतं.

आणखी एक गोष्ट निघाली. आईनं एकूण किती उष्मांक खाल्ले याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध यांचा दिसला. म्हणजे दांडेकर आणि सुखात्मे ज्या मापानं भांडत होते, ते मापच अपुरं होतं.

इथं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं: भाजी-दूध खाणारी बाई मुळात जरा बऱ्या घरची नसेल का? मग बाळ मोठं झालं ते भाजीनं की पैशानं? मॉडेलचं खरं काम इथं असतं. आईची उंची, वजन, घरची स्थिती हे सगळं गणितात घेऊन मग भाजीचा वेगळा संबंध उरतो का ते बघायचं. तरीही शंका पुरती जात नाही, म्हणून प्रयोग करावा लागतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. साडेसहा हजारांवर बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एकाला रोज पालेभाजी, फळं, दुधाचा खाऊ. दुसऱ्याला कांदा-बटाट्यासारख्या साध्या भाज्यांचा. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर जन्मवजनात फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून खाऊ खाल्ला, त्यांची बाळं सुमारे ४८ ग्रॅमनं जड निघाली. गरोदरपणातला मधुमेह मात्र १२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आला. निकाल अपेक्षेसारखा सरळ नव्हता, तरी जसा आला तसा छापला. मला या सगळ्या कहाणीतला हा भाग फार आवडतो.

तीन ठिपके

आकडा जसा आला तसा लिहिणं सोपं नसतं. आईला एकदा वरच्या बैठकीत ऐकवलं गेलं होतं, "तुमच्याकडंच पिवळे एवढे कसे?" पिवळे जास्त म्हणजे काम वाईट, असा सरळ हिशोब. अशा वेळी काट्यावरचे दोनशे ग्रॅम वाढवून लिहायला काय लागतं? नातीच्या वेळी तर कोणी विचारलंही नसतं.

मी आईला विचारलं, "का लिहिलंस मग?"

ती म्हणाली, "तिचं चुकवलं तर बाकीच्या आठ जणींच्या मायांना कोणत्या तोंडानं सांगू?"

मग तिनं मला तिची पद्धत सांगितली. एका ठिपक्याला ती भीत नाही. एखादं लेकरू तापातून उठलेलं असतं, एखादं मुळातच चणीनं लहान. तीन महिन्यांचे तीन ठिपके जोडायचे. रेघ वर चाललीय, आडवी पडलीय की खाली उतरतेय ते बघायचं. आडवी पडली तर घर गाठायचं. सुखात्मे काय आणि दांडेकर काय, तिनं दोघांचं एकही पान वाचलेलं नाही. पण एका लेकराबद्दल बोलताना ती सुखात्म्यांसारखी थांबते, आणि सगळ्या गावाबद्दल बोलताना दांडेकरांसारखी भांडते.

भावाला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "आपण बारीक होतो, कारण आई बारीक होती. आई बारीक होती, कारण आजी बहात्तरात खडी फोडत होती. हे घराण्याचं वळण नाही रे. आणि बाबांना पंचेचाळिशीत शुगर निघाली ती आठवतेय ना?" तो काही बोलला नाही. पण वहिनीनं पुढच्या आठवड्यापासून चिमणीच्या डब्यात अंडं द्यायला सुरुवात केली. यंदा रानात तीन तास 'परभणी शक्ती' पेरायचीय म्हणतो. ती आमच्याच विद्यापीठानं २०१८ मध्ये दिलेली, लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी.

सप्टेंबरात चिमणी १०.९ किलो भरली. वय वाढलं तशी रेघही वर सरकली, त्यामुळे ती अजून पिवळ्यातच आहे, पण तिचे ठिपके चढते आहेत. नऊपैकी दोघी हिरव्यात गेल्या. सात जणी अजून रेघेखाली आहेत, आणि त्यातल्या तिघींची रेघ आडवी पडलीय. त्या तिन्ही घरचे लोक ऊसतोडीला जाणारे आहेत. दिवाळी झाली की गाडी भरून निघतील. आई म्हणते त्याआधी त्या लेकरांचं वजन अजून एकदा घ्यायचंय.